हॉलमधली वायर, आतल्या खोलीतला लॅपटॉप: घरच्या पीसीचं नेट वाटून कसं घ्यायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा सेटिंग करताना ज्यांना मजकूर पुढ्यात हवा असतो, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेली "म्हणजे बघा"ची माळ जमेल तेवढी काढली आहे, सगळी निघालेली नाही.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा असणार. हॉलमध्ये जुना डेस्कटॉप आहे. केबलवाल्याने कधीतरी नेटची वायर आणली आणि थेट त्याच्या पाठीत खुपसून दिली. राउटर वगैरे काही नाही. आता कॉलेजसाठी लॅपटॉप आलाय आणि तो आतल्या खोलीत. त्याला नेट कुठून? तर फोनच्या हॉटस्पॉटवरून. रोजचा दीड-दोन जीबी डेटा, त्यात लॅपटॉपने सकाळी सकाळी एखादं अपडेट ओढलं की दुपारपर्यंत फोन मुका. आणि तिकडे हॉलमध्ये महिन्याचे पैसे भरलेलं नेट नुसतं पडून.

ते नेट लॅपटॉपला देता येतं, आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये ही सोय १९९९ पासून आहे, विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून. नाव 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग'. त्या काळी घरात मोडेम एकच असायचा, टेलिफोनची लाइन एकच, म्हणून ही युक्ती काढली. आज मोडेम गेला, युक्ती तशीच आहे. फक्त सेटिंग सांगून मला हा भाग संपवायचा नाही. कारण सेटिंग पाच मिनिटांत होतं आणि मग दोन दिवसांनी "काल चालत होतं, आज चालत नाही" असा मेसेज येतो. आत काय घडतं ते एकदा कळलं की तो मेसेज करावा लागत नाही.

आत नेमकं काय घडतं?

पहिला गैरसमज काढून टाकूया. नेट शेअर करणं म्हणजे नळाला टी लावून पाणी दोन बाजूंना सोडणं नव्हे. तुमच्या केबलवाल्याला तुमच्या घरात एकच यंत्र माहीत आहे. त्याने एकच पत्ता दिलाय, आणि तो डेस्कटॉपच्या नावावर आहे. लॅपटॉप त्याच्या हिशेबी अस्तित्वातच नाही.

मग लॅपटॉपचं काम होतं कसं? एक हॉस्टेल डोळ्यांपुढे आणा. कुरियरवाल्यांना हॉस्टेलचा एकच पत्ता माहीत, खोल्या माहीत नाहीत. म्हणून मुलं स्वतः काही मागवत नाहीत, वॉर्डनला सांगतात. वॉर्डन स्वतःच्या नावाने ऑर्डर टाकतो आणि वहीत लिहून ठेवतो: ऑर्डर नंबर ५००१, खोली १२. ऑर्डर नंबर ५००२, खोली ७. पार्सल आलं की नंबर बघायचा, वही उघडायची, त्या खोलीत पोचवायचं. दुकानदाराला वाटतं, सगळा माल एकट्या वॉर्डननेच घेतला.

तुमचा डेस्कटॉप हा वॉर्डन होतो. लॅपटॉपने एखादी साइट मागितली की ती मागणी आधी डेस्कटॉपकडे येते. डेस्कटॉप तिच्यावरचा लॅपटॉपचा पत्ता खोडतो, स्वतःचा घालतो, एक पोर्ट नंबर टाकतो, वहीत नोंद करतो आणि मागणी बाहेर पाठवतो. उत्तर आलं की उलटा प्रवास. पोर्ट नंबर ६५,५३५ पर्यंत असतात, त्यामुळे वही सहसा कमी पडत नाही. या सगळ्या उद्योगाला 'नॅट' म्हणतात, नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन. १९९४ मध्ये ही कल्पना रीतसर कागदावर आली, कारण इंटरनेटचे पत्ते पुरणार नाहीत हे तेव्हाच दिसायला लागलं होतं. जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. जगाची लोकसंख्या त्याहून जास्त, आणि आज एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन यंत्रं.

हे तुम्ही रोज वापरता बरं का. तुमच्या फोनचा हॉटस्पॉट म्हणजे खिशातला वॉर्डनच. मित्राने तुमच्या हॉटस्पॉटवर रील बघितलं तर बाहेरच्या जगाला ते तुमच्याच फोनने मागितलेलं दिसतं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे आपण त्याच्याकडे परत येणार आहोत, आणि तेव्हा ते जरा गंभीर वाटेल.

वॉर्डनच्या गोष्टीतून आणखी एक गोष्ट आपोआप कळते. कोणी न मागवता पार्सल आणलं तर? वहीत नोंद नाही, वॉर्डन परत पाठवतो. म्हणून लॅपटॉपवरून तुम्ही बाहेर सगळीकडे जाऊ शकता, पण बाहेरून कोणी आपणहून लॅपटॉपपर्यंत येऊ शकत नाही. काही गेम 'नॅट स्ट्रिक्ट' म्हणून कुरकुर करतात ती याचमुळे. घरचा कॅमेरा गावाहून बघता येत नाही, त्याचंही बऱ्याचदा हेच कारण. त्यात बरेच केबलवाले स्वतःसुद्धा एक मोठा वॉर्डन बसवतात, शेकडो घरांना मिळून एकच पत्ता. म्हणजे तुमचा वॉर्डन वेगळा, त्यांचा वेगळा. ब्राउझिंग, व्हिडिओ, मीटिंग या गोष्टींना त्याने काही फरक पडत नाही.

आधी सोपा रस्ता: मोबाइल हॉटस्पॉट

विंडोज १० किंवा ११ असेल आणि डेस्कटॉपला वाय-फाय असेल, तर काम अगदी सरळ. सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात मोबाइल हॉटस्पॉट. नावावर जाऊ नका, मोबाइलचा इथे काही संबंध नाही. कुठलं कनेक्शन वाटायचं ते विचारेल, तिथे इथरनेट निवडा, म्हणजे ती पाठीत खुपसलेली वायर. कशावरून वाटायचं, तर वाय-फाय. खाली नाव आणि पासवर्ड दिसेल, तो बदलून घ्या. मग बटण चालू करा. लॅपटॉपवर ते नाव वाय-फायच्या यादीत दिसायला लागेल. एका वेळी आठ यंत्रं जोडता येतात, म्हणजे तुमचा फोनही त्यावर येईल. मग रोजचा डेटा बाहेर फिरताना वापरायला मोकळा.

तिथेच बँड निवडायची सोय असते. लॅपटॉप त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्‌झ, वेग चांगला मिळतो. मध्ये दोन भिंती असतील तर २.४, वेग कमी पण पोच जास्त. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्‌झला बऱ्यापैकी अडवतात, त्यामुळे आकड्यांवर जाण्यापेक्षा दोन्ही लावून बघा.

एक गोष्ट नक्की बघा. त्याच पानावर 'कोणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद कर' अशा अर्थाचं बटण असतं. ते चालू असेल तर तुम्ही लॅपटॉप मिटून जेवायला गेलात की हॉटस्पॉट बंद पडतो, आणि परत आल्यावर हॉलमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. घरातल्या मोठ्यांना हे दिवसातून चारदा सांगायचं नसेल तर ते बटण बंद करा.

आता, डेस्कटॉपला वाय-फाय नसणं हेच जास्त घरांत असतं. त्यासाठी यूएसबीचा वाय-फाय डोंगल मिळतो, काही शे रुपयांचा. विकत घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, की हा नुसतं नेट घेतो की हॉटस्पॉटही चालवतो? अगदी जुन्या आणि अगदी स्वस्त डोंगलना दुसरं जमेलच असं नाही. डोंगल सीपीयूच्या मागच्या पोर्टमध्ये लावून डबा भिंतीला टेकवला तर सिग्नल अर्धा तिथेच मरतो. यूएसबीची छोटी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर आणा, फरक लगेच कळेल.

मॅकवर हीच सोय शेअरिंगच्या पानावर 'इंटरनेट शेअरिंग' नावाने आहे. उबुंटूत वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'टर्न ऑन वाय-फाय हॉटस्पॉट' आहे. आतलं तत्त्व तेच, म्हणून तिथे थांबत नाही.

दुसरा रस्ता: केबल ओढायची

लॅपटॉप एकाच जागी राहणार असेल तर माझं मत विचाराल तर केबलच. वेग स्थिर, मीटिंगमध्ये आवाज तुटत नाही, शेजाऱ्यांच्या दहा वाय-फायची गर्दी मध्ये येत नाही. लॅनची केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं घर तेवढं लांब असण्याची शक्यता कमी.

अडचण एकच. डेस्कटॉपला लॅनचं भोक एक, आणि त्यात नेटची वायर आधीच बसलेली. म्हणून दुसरं भोक हवं. एकतर आत लॅन कार्ड बसवा, नाहीतर यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर घ्या. हल्ली बारीक लॅपटॉपनाही लॅनचं भोक नसतं, तेव्हा तिकडेही एक अडॅप्टर लागेल. हे हिशेबात धरा. कोणी जुना जाणकार "दोन कॉम्प्युटर थेट जोडायला क्रॉस केबल लागते" म्हणाला तर तो खोटं बोलत नाहीये, पूर्वी लागायची. आताची गिगाबिट भोकं वायरी स्वतःच ओळखून घेतात, साधी केबल चालते.

आता सेटिंग. पॉडकास्ट ऐकताना लिहून घ्यायला जावं म्हणून अक्षरं सुटी सांगितली होती, इथेही तशीच देते. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात लिहा एन, सी, पी, ए, डॉट, सी, पी, एल, आणि एंटर. तुमच्या पीसीची सगळी कनेक्शनं समोर येतील. ज्यातून नेट येतं त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, वरचा शेअरिंगचा टॅब. पहिल्या चौकोनात टिक. खाली कोणाला द्यायचं ते विचारलं तर लॅपटॉपकडे जाणारं कनेक्शन निवडा. ओके.

इथे एक जागा आहे जिथे सगळे अडकतात. तुमचं नेट कसं सुरू होतं? पीसी लावला की आपोआप, की डायलर उघडून युजरनेम-पासवर्ड टाकून कनेक्ट करावं लागतं? दुसऱ्या प्रकारात यादीत दोन नावं दिसतील: एक 'इथरनेट', एक 'ब्रॉडबँड कनेक्शन'. टिक ब्रॉडबँडवर करायची. इथरनेट ही फक्त वायर आहे, नेट तिच्यावर चढलेल्या डायलरमधून येतं. इथरनेटवर टिक केली की सगळं जोडलेलं दिसतं आणि पान एकही उघडत नाही.

लॅपटॉपवर काहीही करायचं नाही. पत्ता 'आपोआप घ्या' असाच ठेवा. कोणाच्या तरी सांगण्यावरून हाताने पत्ता भरला असेल तर काढून टाका. वॉर्डन स्वतः खोली नंबर देतो.

त्याच खिडकीत 'ब्रिज' नावाचं काहीतरी दिसेल, आणि इंटरनेटवरचे काही व्हिडिओ तेच करायला सांगतात. घरात राउटर असेल तर ते चालू शकतं. पण वायर थेट केबलवाल्याकडून येत असेल तर ब्रिजमध्ये वॉर्डन बाजूला होतो आणि लॅपटॉप आपला चेहरा घेऊन थेट केबलवाल्यापुढे उभा राहतो. त्याने तुमच्या पीसीचा मॅक अ‍ॅड्रेस नोंदवून ठेवला असेल तर तो लॅपटॉपला ओळखच दाखवणार नाही. शेअरिंगमध्ये हा प्रश्न येत नाही.

चालत नाही? एक आकडा वाचा

लॅपटॉपवर वाय-फायची खूण दिसते, 'कनेक्टेड' म्हणतं, पण खाली 'नो इंटरनेट'. यात घाबरण्यासारखं काही नाही, यात माहिती आहे. रस्त्याचे दोन तुकडे आहेत, लॅपटॉप ते पीसी आणि पीसी ते जग. पहिला जोडलेला आहे, दुसऱ्यात घोळ आहे. म्हणून सगळ्यात आधी हॉलमध्ये जाऊन डेस्कटॉपवर एखादी नवी साइट उघडून बघा. तिथेच नेट नसेल तर लॅपटॉपशी झटापट कशाला?

तिथे नेट असेल तर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग लिहा, मध्ये जागा न सोडता. बरेच आकडे येतील. त्यातला आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस तेवढा वाचा.

तो १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल तर उत्तम. विंडोज शेअरिंग करताना स्वतःला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतं आणि बाकीच्यांना त्याच गल्लीतले पत्ते वाटतं. म्हणजे वॉर्डन जागा आहे, त्याने खोली दिली आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायचे म्हणून १९९६ पासून राखून ठेवलेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत, त्यामुळे तुमच्या आणि माझ्या घरात एकच पत्ता असला तरी भांडण होत नाही.

पण तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपने हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता चिकटवून घेतला. अशा वेळी दोष पीसीकडे असतो किंवा मधल्या वायरीत. शेअरिंगची टिक गेली असेल, चुकीचं कनेक्शन निवडलं असेल, किंवा वेगळा अँटिव्हायरस टाकला असेल आणि त्याचा फायरवॉल आडवा येत असेल.

पत्ता बरोबर आहे आणि तरी पान उघडत नाही? मग त्याच काळ्या खिडकीत पी, आय, एन, जी, मग एक जागा, आणि ८.८.८.८. हा गुगलचा सर्व्हर आहे. 'रिप्लाय' यायला लागले तर रस्ता खुला आहे, फक्त नावाचा आकडा करून देणारा माणूस, म्हणजे डीएनएस, जागेवर नाही. लॅपटॉपच्या वाय-फाय सेटिंगमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरा. आणि 'रिप्लाय' आले नाहीत तर पीसीवर व्हीपीएन चालू आहे का बघा, आणि ती ब्रॉडबँड-इथरनेटची टिक पुन्हा तपासा.

एक सावधगिरी. काही जण पिंग थेट पीसीलाच मारून बघतात, १९२.१६८.१३७.१ ला, आणि उत्तर आलं नाही की पीसी बिघडला असं ठरवतात. विंडोजचा फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही. नेट नीट चालू असतानाही देत नाही. त्यावरून निदान करू नका.

आणि "काल चालत होतं"चं उत्तर. पीसी रीस्टार्ट झाला की कधी कधी शेअरिंगची टिक दिसते पण काम करत नाही. टिक काढा, ओके करा, परत टिक करा, ओके करा. हास्यास्पद वाटतं, पण बहुतेक वेळा एवढंच लागतं. दुसरं कारण याहून साधं आहे: पीसी झोपला. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तर चालेल. वॉर्डनचे डोळे मिटले तर मात्र खोल्यांचं नेट जातं.

वेग आणि लाइट बिल

वेगाबद्दल थोडक्यात. वायरीतून येतो त्यापेक्षा जास्त मिळणार नाही, आणि दोघं एकदम वापरत असाल तर वाटून मिळणार. पीसी स्वतःच वाय-फायवरून नेट घेत असेल आणि त्याच कार्डावरून लॅपटॉपला देत असेल तर वेग साधारण अर्ध्यावर येतो, कारण एकच तोंड, तेच ऐकणार आणि तेच बोलणार. पीसीला नेट फोनवरून यूएसबी टेदरिंगने येत असेल, तर लॅपटॉपवर ते कनेक्शन 'मीटर्ड' म्हणून नोंदवा. मग मोठी अपडेट्स परस्पर डेटा खात नाहीत.

बिलाबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण "फुकटात झालं" असं म्हणून लोक पुढचा हिशेब करत नाहीत. समजा स्क्रीन बंद ठेवून डेस्कटॉप ८० वॉट खातो. केवळ लॅपटॉपला नेट मिळावं म्हणून तो रोज सहा तास जास्त चालला, तर दिवसाला ४८० वॉट-तास, महिन्याला १४.४ युनिट. एक छोटा राउटर १० वॉटचा धरा. तो चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला ७.२ युनिट. शिवाय लाइट गेली की राउटर छोट्या बॅकअपवर तासन्‌तास तग धरतो. डेस्कटॉप यूपीएसवर काही मिनिटांचा पाहुणा.

म्हणून माझं स्पष्ट मत: परीक्षेचा महिना, पाहुणे आलेत, राउटर दुरुस्तीला गेलाय, नवा घ्यायला अजून पैसे नाहीत, अशा वेळी पीसीचं शेअरिंग झकास. वर्षभर रोज हेच करायचं असेल तर राउटर घ्या. राउटर तरी दुसरं काय करतो? वॉर्डनचंच काम, फक्त त्यासाठी वेगळा नोकर ठेवायचा.

नाव तुमचं लागतं

आता ते मघाचं वाक्य. लॅपटॉपने काहीही केलं तरी बाहेरच्या जगाला ते तुमच्या घराने केलेलं दिसतं. आणि कनेक्शन घेताना ओळखपत्र घरातल्या कोणाचं तरी दिलेलं असतं, बहुधा आईचं किंवा बाबांचं.

हे कुठपर्यंत जाऊ शकतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात घडलंय. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल गेला. तपास करणाऱ्यांनी पत्त्याचा माग काढला तर तो नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत आला. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याचं वाय-फाय उघडं होतं, दुसऱ्याच कोणीतरी ते वापरून मेल पाठवल्याचं समोर आलं. पण आधी दारावरची बेल वाजली ती त्याच्याच, आणि चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्यालाच. पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या.

वॉर्डनची वही बाहेर कोणाला दिसत नसते. बाहेरून दिसतो फक्त हॉस्टेलचा पत्ता. त्यातून घरच्या पीसीचं शेअरिंग असली जुनी वही महिनोन्‌महिने सांभाळून ठेवत नाही. त्या दिवशी, त्या वेळी नेमकं कोणी वापरलं, हे तुम्हाला स्वतःलाही नंतर दाखवता येणार नाही.

तर हॉटस्पॉटचा पासवर्ड. कमीत कमी आठ अक्षरं लागतातच, तुम्ही बारा-चौदा ठेवा. मोबाइल नंबर नको, सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर नको, एक ते आठ आकडे तर नकोच. मित्र येऊन वापरून गेला, मग त्याच्या मित्रानेही घेतला, असं झालं की बदलायचा. लाजायचं काय त्यात? मोबाइल हॉटस्पॉटच्या पानावर त्या क्षणी कोण कोण जोडलंय त्यांची नावं दिसतात, अधूनमधून नजर टाका. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर पासवर्ड बदला, सगळे बाहेर पडतात.

आणि पीसीवरचे शेअर केलेले फोल्डर. हॉटस्पॉटवर आलेला माणूस तुमच्या नेटवर आला, तसा तुमच्या घरातही आला. बाबांच्या पॅन कार्डचं स्कॅन, बँकेची स्टेटमेंटं असं काही शेअर फोल्डरमध्ये पडलेलं असेल तर ते आधी हलवा, आणि नको असेल तर फाइल शेअरिंग बंदच ठेवा. 'शेअरिंग' हा शब्द दोन्हीकडे आहे म्हणून गोंधळ होतो. नेट वाटणं वेगळं, फाइल वाटणं वेगळं. दुसरं बंद केलं तरी पहिलं चालू राहतं.

शेजाऱ्याला पैसे घेऊन कनेक्शन देण्याबद्दलही विचारणा झाली होती. घरगुती प्लॅनच्या अटींत ते सहसा बसत नाही, आणि वर सांगितलं ते वाचल्यावर तुम्हाला स्वतःलाही ते नको वाटेल.

शेवटचा प्रश्न एका श्रोत्याचा. "ताई, ऑनलाइन परीक्षा आहे, पीसीच्या हॉटस्पॉटवर देऊ का?" आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच खोलीत बसून एक तासाची व्हिडिओ मीटिंग चालवून बघ. टिकली तर दे. पीसीचं स्लीप बंद, पीसीवर आपोआप होणारी अपडेट्स पुढे ढकललेली, आणि घरात कोणाला त्या वेळी पीसीवर सिनेमा बघायचा नाही हे आधी सांगून ठेवलेलं. फोनमध्ये त्या दिवसाचा डेटा न वापरता राखून ठेव, आणि फोनच्या हॉटस्पॉटचा पासवर्ड लॅपटॉपमध्ये आधीच एकदा टाकून ठेव. हॉलमधली लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालेल, फक्त वाय-फायच्या यादीत पीसीऐवजी फोनचं नाव निवडायचं.